मस्टरवर नाव कोणाचं? नव्या कामगार संहिता समजून घेताना

चाकणच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला एकाच गेटातून आत जाणारी माणसं वरवर सारखीच दिसतात. आत गेल्यावर कामही जवळजवळ तेच करतात. पण त्यातला एक कंपनीचा कायम कामगार असतो, दुसरा ठेकेदाराच्या मस्टरवरचा, तिसरा शिकाऊ म्हणून विद्यावेतनावर आलेला आणि चौथा ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेला. पगारातला फरक तर दर महिन्याला दिसतोच. पण उद्या मशीनमध्ये बोट सापडलं, ऑर्डर कमी झाल्या किंवा कंपनीनं गाशा गुंडाळला, तर चौघांच्या हाती काय पडेल हेही वेगवेगळ्या नियमांनी ठरतं.

कामगार कायद्यांतल्या सुधारणांवर आपल्याकडे १९९१ पासून जी चर्चा चालली आहे, ती बहुतेक यातल्या पहिल्या माणसाबद्दल असते. त्याला कामावरून काढणं सोपं असावं की अवघड, एवढ्याभोवतीच ती फिरते. माझ्या मते ती उरलेल्या तिघांपासून, आणि गेटाबाहेरच्या कोट्यवधी माणसांपासून सुरू व्हायला हवी. असं का म्हणतो, ते कळण्यासाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहिता जरा जवळून पाहू.

२९ कायदे आणि चार संहिता

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यंही. त्यामुळे केंद्राचे डझनावारी कायदे, त्यात राज्यांच्या दुरुस्त्या, वर प्रत्येकाचे नियम, असा ढीग साठत गेला. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा इंग्रजांच्या काळातला, किमान वेतनाचा १९४८ चा, ठेकेदारी कामगारांचा १९७० चा. प्रत्येकात ‘वेतन’ आणि ‘कामगार’ यांच्या व्याख्याही वेगळ्या. रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगानं २००२ मध्येच हे सगळं एकत्र करून थोडक्या कायद्यांत बसवावं अशी शिफारस केली होती.

त्यानुसार २९ केंद्रीय कायदे चार संहितांत आणले गेले. वेतन संहिता २०१९ मध्ये संसदेत मंजूर झाली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य या तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाल्या. मंजुरी आणि अंमल यांत पाच-सहा वर्षं गेली, कारण केंद्राबरोबर राज्यांनाही आपापले नियम करायचे होते आणि कामगार संघटनांचा विरोध होता. संहिता लागू झाल्या त्या दिवशीही बऱ्याच नियमांना अंतिम रूप यायचं बाकी होतं.

कायदे कमी झाले ही गोष्ट चांगलीच आहे. लहान कारखानदाराला पाच रजिस्टरं आणि पाच निरीक्षक यांच्यातून सुटका मिळत असेल तर त्यात कामगाराचं काही जात नाही. खरी गोष्ट आहे ती संहितांच्या आतल्या आकड्यांत.

डोकी मोजणारा कायदा

आपले बहुतेक कामगार कायदे माणूस काय काम करतो हे बघून लागू होत नाहीत, ते डोकी मोजून लागू होतात. दहा माणसं असली तर एक कायदा लागतो, वीस झाली की दुसरा, शंभर झाली की तिसरा. हा आकडा म्हणजे उंबरठा. त्याच्या आत आलात तर हक्क, बाहेर राहिलात तर काही नाही.

नव्या संहितांनी यातले बरेच उंबरठे उंच केले. वीज वापरणारा कारखाना आधी दहा कामगारांना ‘कारखाना’ ठरायचा, आता वीस लागतात. वीज न वापरणाऱ्याला वीसऐवजी चाळीस. ठेकेदारी कामगारांचे नियम आधी वीस माणसांना लागू व्हायचे, आता पन्नासला. महाराष्ट्रानं यातले काही आकडे आपल्यापुरते आधीच वाढवले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला आणि दुकानांच्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांपुरत्या ठेवायला मान्यता दिली.

सगळ्यात गाजलेला उंबरठा मात्र ३०० चा. १९७६ साली, आणीबाणीत, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं. तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला लेऑफ द्यायचा असेल, म्हणजे काम नाही म्हणून कामगारांना तात्पुरतं घरी बसवायचं असेल, कामगार कमी करायचे असतील किंवा कारखाना बंद करायचा असेल, तर सरकारची परवानगी लागेल. १९८२ च्या दुरुस्तीनं हा आकडा शंभरावर आणला. नव्या औद्योगिक संबंध संहितेनं तो पुन्हा तीनशेवर नेला. एवढंच नाही, तर पुढे सरकार अधिसूचना काढून तो आणखी वाढवू शकेल अशी सोयही ठेवली. त्यासाठी विधिमंडळात किंवा संसदेत जायची गरज नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या तरतुदीला आहे. लाखो लोकांच्या नोकरीची अट बदलायची तर तिच्यावर सभागृहात उभं राहून कोणीतरी बोललं पाहिजे.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. तीनशेच्या खाली मालकानं वाटेल तेव्हा माणूस काढावा असा याचा अर्थ होत नाही. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई आधीही होती, आताही आहे. नव्या संहितेनं त्यात कौशल्य निधीची भर घातली. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं पंधरा दिवसांचा पगार या निधीत भरायचा आणि तो त्या कामगाराच्या खात्यात जायचा. मुख्य फरक असा की तीनशे किंवा जास्त असतील तर सरकारला आधी विचारायचं, खाली विचारायचं नाही.

परवानगीमुळे रोजगार अडला का?

उद्योजकांचं म्हणणं सरळ आहे. माणूस काढणं अवघड असेल तर घेतानाही हात आखडता घेतला जातो. मग शंभरच्या पुढे जायला कारखाना घाबरतो, एकाचे दोन कारखाने कागदावर करतो, किंवा माणसांऐवजी मशीन आणतो.

या म्हणण्याला आधार म्हणून वर्षानुवर्षं एका अभ्यासाचा दाखला दिला गेला. टिम बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९५८ ते १९९२ या काळात भारतातल्या कोणत्या राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात कामगारांच्या बाजूनं बदल केले आणि कोणत्या राज्यांनी मालकांच्या बाजूनं, हे त्यांनी मोजलं. कामगारांच्या बाजूनं बदल करणाऱ्या राज्यांत नोंदणीकृत उद्योगांचं उत्पादन आणि रोजगार मागे पडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. जागतिक बँकेपासून आपल्या वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत तो पोचला.

मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आदित्य भट्टाचारजी यांनी राज्यांची ही वर्गवारी उलगडून पाहिली. तिच्यात गुजरात कामगारांच्या बाजूचा ठरला होता आणि केरळ मालकांच्या! गुजरातच्या खात्यात होती एकच दुरुस्ती, १९७३ ची. कंपनीतल्या संयुक्त व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला पन्नास रुपये दंड करण्याची. एवढ्यावरून अख्ख्या राज्यावर शिक्का बसला. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय एवढंच मोजलं आणि गेटावर काय चालतं ते मोजलं नाही, की असं होतं.

गेटावर जे चाललं ते कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत दिसतं. २०००-०१ च्या सुमारास संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचातला एक ठेकेदारामार्फत आलेला होता. २०२२-२३ मध्ये दहातले चार. म्हणजे ज्या काळात ‘माणूस काढता येत नाही’ अशी तक्रार चालू होती, त्याच काळात उद्योगांनी काढता येणारी माणसं घेण्याची पद्धत बसवलीही होती. परवानगीचा नियम कागदावर कडक होता, पण तो लागू होईल अशा माणसांची संख्याच घटत गेली. मालकाला त्रास झाला हे खरं, पण त्यानं वाट काढली. कामगाराला ती वाट नव्हती.

‘ब्रेक’

औद्योगिक वसाहतीत हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. जुन्या कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की एक वर्षाची सलग सेवा धरली जायची आणि भरपाईचा हक्क लागायचा. म्हणून सात महिने होत आले की ब्रेक दिला जायचा. महिनाभर घरी बसायचं, मग त्याच ठेकेदाराकडे किंवा त्याच्या भावाच्या नावावरच्या दुसऱ्या एजन्सीकडे नव्यानं नाव लावायचं. मशीन तेच, सुपरवायझर तोच, सेवा मात्र पहिल्या दिवसापासून सुरू.

नव्या संहितेनं या जागी ठरावीक मुदतीच्या नोकरीला उघडपणे मान्यता दिली आहे. मालकानं कामगाराशी थेट करार करायचा, त्याच कामाच्या कायम कामगाराइतका पगार आणि सवलती द्यायच्या, आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात, त्या मानानं हे फार चांगलं. ठेकेदार मधून निघाला आणि कागद थेट कंपनीचा झाला, तर मी याचं मनापासून स्वागत करेन.

पण करार अकरा महिन्यांचाच केला तर काय? आणि तो किती वेळा पुन्हा करता येईल यावर संहितेत मर्यादा नाही. सात महिन्यांचा ब्रेक अकरा महिन्यांवर गेला, एवढाच फरक व्हायचा. एखाद्या देशानं ठरावीक मुदतीची नोकरी आणली की त्याबरोबर नूतनीकरणाची मर्यादा घालायची, म्हणजे इतक्या वर्षांनंतर तो माणूस कायम, असा प्रघात अनेक ठिकाणी आहे. आपण तो सोडून दिला.

पगाराच्या स्लिपवर काय बदलतं

ही बाब मात्र थेट खिशाशी येते, म्हणून आकड्यांतच पाहू. समजा एखाद्याला महिना ३०,००० रुपये मिळतात. स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ९,००० आणि बाकी २१,००० घरभाडं, प्रवास, विशेष भत्ता अशा नावांखाली. ही विभागणी सहज झालेली नसते. ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजली जायची, म्हणून तो आकडा छोटा ठेवला की मालकाचं देणं छोटं राहायचं.

नवी व्याख्या सांगते की असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग ‘वेतना’तच धरायचा. म्हणजे या माणसाचं वेतन किमान १५,००० धरावं लागेल. पाच वर्षांच्या नोकरीनंतर जुन्या हिशेबानं त्याला सुमारे २५,९६० रुपये ग्रॅच्युइटी मिळाली असती, नव्यानं सुमारे ४३,२७० मिळेल. जिथे पीएफही त्या छोट्या आकड्यावर कापला जात होता, तिथे कपात वाढून दरमहा हातात येणारी रक्कम थोडी कमी होऊ शकते. बऱ्याच जणांना हे आवडणार नाही. पण म्हातारपणाचा पैसा भत्त्यांच्या नावाखाली गायब करण्याची ही जुनी रीत थांबते आहे, आणि मला ती संहितांमधली सगळ्यात नेमकी सुधारणा वाटते.

वेतन संहितेत आणखी एक मोठी गोष्ट आहे. किमान वेतन आधी यादीत नाव असलेल्या उद्योगांनाच लागू होतं, आता सगळ्यांना आहे. केंद्रानं किमान पातळी ठरवायची आणि कोणत्याही राज्यानं तिच्या खाली जायचं नाही. ही पातळी किती ठरते त्यावर सगळं आहे. आधी जी बंधनकारक नसलेली राष्ट्रीय पातळी होती, ती २०१९ पासून दिवसाला १७८ रुपयांवर थांबली होती.

संपाची गोष्ट

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण त्याच्या मुळाशी एक कायद्याचं कलम होतं हे बरेच जण विसरतात. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला वाटाघाटीचा अधिकार होता. गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार मात्र संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले, पण कायद्याच्या टेबलावर सामंतांना खुर्ची नव्हती. तो कायदा रद्द करा ही संपातली एक प्रमुख मागणी होती. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि गिरणगावातली घरं उद्ध्वस्त झाली. त्याला यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रं, जमिनींचे भाव अशी बाकीची कारणंही होती. पण कामगारांचा विश्वास असलेल्या माणसाशी बोलायचा रस्ताच बंद असल्यानं तडजोडीची वेळ निघून गेली, असं मला ठामपणे वाटतं.

नव्या संहितेत मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करेल. कोणाकडेच तेवढे नसतील, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद होईल. कल्पना ठीक आहे. मात्र पाठिंबा मोजायचा कसा, यात सगळं येतं. गुप्त मतदान झालं तर खरा कौल कळेल. सदस्यत्वाच्या पावत्या मोजल्या तर मालकाला जवळची संघटना पुढे आणणं सोपं जाईल. आणि ‘मस्टरवरचे’ म्हणताना ठेकेदाराच्या मस्टरवरचे चाळीस टक्के लोक कुठे गेले?

संपावरही नवी बंधनं आहेत. आधी रेल्वे, पाणी, वीज यांसारख्या लोकोपयोगी सेवांमध्येच संपाची पूर्वसूचना लागायची, आता प्रत्येक आस्थापनेत किमान चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, न्यायाधिकरणात प्रकरण असताना करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरला जातो. नोटीस मिळाली की अधिकाऱ्यानं बोलणी सुरू करायची, आणि बोलणी सुरू झाली की संप बेकायदा. कायदेशीर संपासाठी फट फारच अरुंद राहते. माणूस काढायची मुभा वाढवताना एकत्र येऊन नाही म्हणायची ताकद कमी करणं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

गेटाबाहेरचे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी साधारण ५८ टक्के लोक स्वतःचा काहीतरी उद्योग, शेती किंवा घरच्या धंद्यात मदत करणारे होते. जवळपास २० टक्के रोजंदारीवर. नियमित पगारावर फक्त २२ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातल्याही निम्म्याहून जास्त लोकांकडे नोकरीचा लेखी कागद नव्हता. तीनशेचा उंबरठा ज्यांच्या आयुष्याला खरोखर शिवतो, ते या सगळ्या गर्दीत मूठभर आहेत.

संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केलं, याची जाहिरात खूप झाली. ते खरंही आहे. पण ही तरतूद ज्या संहितेत आहे, ती सर्वसाधारणपणे दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. कापडाच्या दुकानातले चार नोकर, गॅरेजमधली दोन पोरं, हॉटेलातला भांडी घासणारा, यांच्यापैकी बहुतेक जण पुन्हा उंबरठ्याबाहेरच.

विकसनशील देशांत ही गाठ सगळीकडे आहे. इंडोनेशियाच्या २००३ च्या कायद्यात जुन्या कामगाराला काढताना मालकानं बत्तीस महिन्यांपर्यंतच्या पगाराइतकी भरपाई द्यावी, अशी तरतूद होती. कागदावर जगातल्या सगळ्यात उदार नियमांपैकी एक. पण पूर्ण रक्कम हाती पडणारे फार थोडे होते, कारण ज्या कंपन्या माणसं काढतात त्या बहुधा अडचणीतच असतात. २०२० मध्ये तिथे मालकाचा वाटा एकोणीस महिन्यांवर आणला आणि सोबत सहा महिन्यांपर्यंत रोख मदत देणारा बेकारी विमा आणला. त्या कायद्यावर प्रचंड निदर्शनं झाली, घटना न्यायालयानं तो करण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला. विम्याची कल्पना मात्र योग्य दिशेची होती.

चिलीनं हे २००२ मध्येच केलं होतं. कायम नोकरीतल्या प्रत्येक कामगाराचं स्वतःचं बेकारी खातं. त्यात कामगार पगाराच्या ०.६ टक्के भरतो, मालक २.४ टक्के. मालकाच्या वाट्यातला काही भाग खात्यात आणि काही सगळ्यांच्या सामायिक निधीत. नोकरी गेली की पैसा खात्यातून मिळतो, मालक दिवाळखोर असला तरी. नोकरी बदलली तरी खातं आपल्याबरोबर येतं. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी सोय ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आहे, पण ईएसआयच्या जाळ्यात असणाऱ्यांनाच ती मिळते.

हक्क मालकाला बांधलेला न ठेवता माणसाबरोबर फिरता ठेवायचा, हे चिलीच्या आधी तीन दशकं महाराष्ट्रानं करून दाखवलं होतं.

माथाडी मंडळ

मुंबईत मशीद बंदर आणि दाणा बाजारात पोती वाहणाऱ्या माणसांना मालक कोण होता? सकाळी या व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी त्या गोदामाचं काम. कोणाच्याच मस्टरवर नाव नाही, म्हणून कोणताच कायदा नाही. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांचा कायदा झाला.

त्याची रचना अजूनही अभ्यासण्यासारखी आहे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारानंही. टोळीनं काम केलं की व्यापारी मजुरी थेट हातात न देता मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे वरची आकारणी. मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधपाणी. महिन्यात एका कामगारानं दहा व्यापाऱ्यांची पोती उचलली तरी त्याचं खातं एकच. डोकी मोजायची गरजच पडत नाही, कारण हक्क कामावर बसवलाय, आस्थापनेच्या आकारावर नाही.

या व्यवस्थेत रोगही शिरला. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या एमआयडीसीत उभ्या राहिल्या आणि उद्योजकांची त्याबद्दलची तक्रार खरी आहे. त्यावर पोलिसांनी कारवाई करावी, नोंदणी कडक करावी. पण खंडणीखोरांकडे बोट दाखवून मंडळाचीच कल्पना मोडीत काढू पाहणाऱ्यांनी दाणा बाजारातल्या त्या जुन्या हमालाच्या हाती आधी काय होतं ते आठवावं.

केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांसाठी जे केलं आहे, ते काहीसं याच जातीचं आहे. जेवण पोचवणारा किंवा टॅक्सी चालवणारा कंपनीचा नोकर मानलेला नाही, पण कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायची, कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांपर्यंत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानं २०२९-३० पर्यंत असे कामगार २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला होता. अपघात विमा आणि आरोग्याची सोय यातून उभी राहू शकते. मजुरीचा दर आणि आयडी एका क्षणात बंद करण्याची कंपनीची सत्ता मात्र जिथल्या तिथे आहे.

ऊसतोड

हे सगळं ज्यांच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही, ते आपले ऊसतोड मजूर. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर गोळा करून आणणाऱ्या मुकादमानं आधीच उचल दिलेली असते आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती फिटते. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, म्हणजे कापलेला पैसा वर दंडही. पाळीचे दिवस, बाळंतपण, काही असो, खाडा नको म्हणून बाई फडात उभी. बीडमध्ये कमी वयाच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

यांचा मालक कोण, असं विचारलं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. कोणत्याही उंबरठ्याची उंची कमी केली तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण इथे मस्टरच नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं. पैसा गोळा करण्याची वाट म्हणजे आहे. पण तो पैसा योजनांमध्ये खर्च होतो, कोणा एका बाईच्या नावावर जमा होत नाही.

कारखान्याच्या वजनकाट्यावर मात्र प्रत्येक गाडीची नोंद होते. कोणाच्या शेतातला ऊस, कोणती टोळी, किती टन, कोणत्या तारखेला, सगळं पावतीवर असतं, कारण शेतकऱ्याचं बिल आणि मुकादमाचं कमिशन त्यावरच निघतं. त्या पावतीला टोळीतल्या माणसांची नावं जोडायची, बायकोचं नाव नवऱ्यापासून वेगळं लिहायचं, आणि माथाडीसारखी लेव्ही टनावर लावून तिच्या ई-श्रम क्रमांकाशी (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) जोडलेल्या खात्यात टाकायची. यासाठी नवी संहिता लागत नाही. राज्याला आपल्या अधिकारात, चालू गळीत हंगामातही हे सुरू करता येईल.